काट्यावरचा धोका

संक्रांतीच्या दिवशी गोड बोलायचं असतं हे आप्पारावांना माहीत होतं. म्हणून मानवतच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी आधी तिळाचा लाडू तोंडात घातला, नीट चावून गिळला, वर तांब्याभर पाणी घेतलं आणि मगच भांडायला सुरुवात केली.

"वैनी, त्या पाट्या गोळा करा अन् माळवदावर फेकून द्या. उद्यापासून ढाळजंत वर्ग भरणार न्हाई."

बायनाबाई सुगडांत हरभऱ्याचे घाटे, बोरं आणि उसाची कांडकी भरत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा हा धाकटा दीर त्यांचा पदर धरून हिंडत होता. त्याचा आवाज कुठे चढतो आणि कुठे आपोआप उतरतो हे त्यांना पाठ होतं.

"झुंबर कुठं हाय?" त्यांनी जावेची चौकशी केली.

"यायलीय मागून. वैनी, मी काय म्हणायलोय..."

"आईकलं म्या. हुकूम दिलाव. आता हातपाय धुवा. घरचा मोठा माणूस वसरीवर बसलाय, आधी त्याला इचारा."

आप्पारावांची तणतण अगदीच उगीच नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. बन्सीधर शेठच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ते जमादार होते. थोरले बंधू व्यंकटराव तिथे मुनशी. मुनशींच्या शब्दावर आप्पाराव गाठोडी उचलता उचलता जमादार झाले, आणि ती जमादारी आता मुनशींच्याच सुनेपायी जाते की काय अशी वेळ आली होती. कोकिळेनं दसऱ्याला घराच्या ढाळजेत, म्हणजे दारातल्या खोलीत, जिनातल्या बायकांसाठी लिहिण्यावाचण्याचा वर्ग काढला. परभणीहून प्रौढ शिक्षणाचे साहेब आले, फळा देऊन गेले, सगळ्यांनी कौतुक केलं. आप्पारावांनीही केलं. अक्षर शिकून बायका काय करणार, असंच त्यांना तेव्हा वाटलं असणार.

आणि परवा बायकांनी वाचलं.

झालं ते असं. आपण आता मुंबई राज्यात आलो, तेव्हा कारखान्यात मराठी बोर्ड लावा, असं इन्स्पेक्टर दिवाळीत सांगून गेले होते. शेठनी दोन बोर्ड रंगवून आणले. संध्याकाळी ते लागले. सकाळी भोंगा झाला, बायका आत शिरल्या, आणि सगळ्यांत पुढे असलेली गोजरबाई वजनाच्या काट्यापाशी थबकली. वर लाल अक्षरं होती. तिनं बोट उचललं. ध ला काना मात्रा धो. क ला काना का. पाटीच्या बाहेर, जगात, आपल्या आपण वाचलेला तिचा हा पहिला शब्द. तो निघाला 'धोका'.

आता आमच्याकडे धोका म्हणजे फसवणूक. दुसरा अर्थ नाही. जिवावर बेतणारं काही असेल तर त्याला खतरा म्हणायचं, हा शब्द निजामाच्या राज्यातला, राज्य गेलं तरी तो मागे राहिलेला. पुण्यामुंबईकडे खतऱ्यालाच धोका म्हणतात हे गोजरबाईला कुणी सांगितलं असणार? निवडलेला कापूस ज्या काट्यावर घालून बायका मजुरी घेतात, त्याच काट्यावर शेठनी स्वतःच्या हातानं कबुलीजबाब टांगला होता. बायका टोपल्या उपड्या घालून त्यांवर बसल्या. गाड्या फाटकाबाहेर स्टेशनच्या रस्त्यापर्यंत तुंबल्या. आप्पारावांनी संतापून तो बोर्ड उतरवला आणि सरकीच्या कोठीत भिरकावला. दुपारी शेठ परभणीहून आले, "अरे धोका मतलब खतरा" म्हणून त्यांनी डोक्यावर हात मारून घेतला, आणि बायका कामाला लागल्या.

पण तोवर मोंढ्यात गोष्ट पसरली होती. दुसऱ्या दिवशी शेठ बाजारातून गेले तर आडत्ये एकमेकांना म्हणत होते, काय हो, काट्यावर धोका तर न्हाई ना. शेठना ते लागलं. वर्गातल्या बाया फाटकातून आत घेऊ नका, नाहीतर वर्ग बंद करा, दोन्हींतलं एक संक्रांतीनंतर मला सांगा, असं त्यांनी आप्पारावांना बजावलं.

"म्हणून म्हणायलो," आप्पाराव आता जरा खालच्या सुरात म्हणाले. "वर्ग मिटला की सगळं मिटतं. पंडित कुठाय?"

"सेलूला, खरेदीला." बायनाबाईंनी सुगडावर हळदीचं बोट ओढलं. पंडित घरी असता तरी बाप आणि बायको यांच्या मधोमध बसून त्यानं सुपारी कातरली असती, दुसरं काही केलं नसतं, हे त्याच्या आईला ठाऊक होतं.

आप्पाराव वसरीवर गेले. आतून बायनाबाईंना त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, आणि नवऱ्याचं एकच वाक्य आलं. "दुपारच्याला बाया ववसायला येऊन जाऊ दे. मग सांगतो."

नवरा मुदत मागतोय हे बायनाबाईंनी ओळखलं. मुनशींनी आजवर कधी मुदत मागितली नव्हती.

व्यंकटरावांनी सणाची म्हणून शेरवानी घातली होती. खिशात चष्मा होता. समोर पानाचा डबा होता, पण पान लावलं नव्हतं.

निर्वळ घराण्याच्या सात पिढ्यांत अक्षर शिकलेला पहिला माणूस म्हणजे व्यंकटराव. बापानं बैल विकून त्यांना पाथरीच्या मदरशात घातलं. तिथे त्यांनी उर्दू अशी घोटली की तहसीलदारही त्यांचं हस्ताक्षर मागून घेत. याच वसरीवर पोखर्णीपासूनची माणसं समन्स, नोटिसा, पंचनामे घेऊन येत. व्यंकटराव चष्मा लावत, कागदावरचं उर्दू वाचत आणि खणखणीत मराठीत सांगत. माणसं कागदाला भीत आणि व्यंकटरावांना मानत. मग पोलीस ॲक्शन झाली. कागद हळूहळू बदलू लागले. मुंबई राज्यात विलीन झाल्यावर तर सगळंच मराठी. माणसं तीच, वसरी तीच, जबानही तीच. फक्त अक्षर गेलं. जन्मभर मराठीत हसलेल्या-रागावलेल्या या माणसाला मराठीतली एक ओळ वाचता येत नव्हती.

त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. कागद आला की चष्मा सापडत नसे. नाहीतर ते म्हणत, "सूनबाईकडं द्या, तिलाबी सवय होऊ दे." सगळ्यांना वाटे, केवढं मोठं मन. घरात पूर्वी ते वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत. मराठी पेपर यायला लागल्यावर बातम्यांत आता राम राहिला नाही म्हणून त्यांनी ते सोडलं. बायनाबाई त्याच दिवशी समजल्या. त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही, फक्त चष्मा सापडू नये अशा जागी ठेवायला सुरुवात केली.

शिकायचं म्हटलं असतं तर शिकवणारी घरातच होती. पण ती सून. लग्न झाल्यापासून कोकिळा सासऱ्यांशी एक अक्षर सरळ बोललेली नव्हती. या घराचा तो दस्तुर. काही सांगायचं तर सासूला सांगायचं, सासरे दोन हातांवर बसलेले असले तरी. आणि असल्या सुनेपुढे पाटी घेऊन बसायचं?

बोर्ड आले त्या संध्याकाळी शेठनी जाता जाता सांगितलं होतं, "मुनशीजी, एक काट्यावर, एक पट्ट्याच्या खड्ड्यापाशी." त्या खड्ड्यात इंजिनाचा पट्टा फिरे. पदराचं टोक जरी त्यात गेलं तरी माणूस हाती लागायचं नाही. व्यंकटरावांनी दोन्ही बोर्ड समोर उभे केले. एक आखूड होता, एक लांब. काटा म्हणजे दोन अक्षरं, खतरा म्हणजे तीन. हिशेबी माणूस, त्यानं हिशेब केला. आखूड तो काट्यावर, लांब तो खड्ड्यावर. इंजिनाचा लिंबाजी तेलवाला शिडीवर चढला आणि मुनशींनी बोट दाखवलं तिथे त्यानं खिळे ठोकले.

दुसऱ्या दिवशी गोजरबाईनं वाचलं तेव्हाच त्यांना सगळं उमगलं. आता एक शब्द बोलला की प्रकरण मिटत होतं. वर्ग बंद. बायका परत अडाणी, मुनशी परत मुनशी. तो शब्द सकाळपासून जिभेवर होता आणि निघत नव्हता, कारण ढाळजेतून रोज संध्याकाळी येणारा 'क ला काना' त्यांनी दसऱ्यापासून कान देऊन ऐकला होता. ऐकून ऐकून काना-मात्रा सगळ्या पाठ झाल्या होत्या. दिसायला त्या कशा असतात, तेवढंच माहीत नव्हतं.

दुपारी बायका ववसायला, म्हणजे वाण घ्यायला-द्यायला आल्या. जिनाला सुट्टी होती, सगळ्यांनी धुतलेली लुगडी नेसली होती, आणि तरी कुणाकुणाच्या केसांत कापसाचा तंतू होताच. कोकिळेनं ढाळजेत घोंगडी अंथरली होती. ती एकेकीला हळदकुंकू लावत होती आणि ओटीत वाण घालत होती. वाण म्हणून कुणी फणी देतं, कुणी करंडा. कोकिळेनं प्रत्येकीला एक दगडी पाटी दिली.

वर्गात आजवर दोघीत एक पाटी होती. लग्नात माहेरून मिळालेला कमरपट्टा कोकिळेनं मोडायला पंडितजवळ दिला होता, सेलूला जायच्या आधी तो पाट्या आणून ठेवून गेला होता. सुपारी कातरणाऱ्या माणसाकडून एवढं झालं, त्याचं कोकिळेला कौतुक होतं. वर्ग राहतो की जातो हे आज ठरणार हे तिला पक्कं माहीत होतं. सासऱ्यांसमोर तिला बोलता येणार नव्हतं. पण संक्रांतीचं वाण कुणी परत घेत नाही आणि कुणी परत देत नाही, हाही दस्तुरच होता. वर्ग उद्या मोडला तरी प्रत्येकीच्या घरात एक पाटी राहणार होती. मोडून दाखवा म्हणावं, असा तिचा आतल्या आत सूर होता.

बायनाबाईंनाही तिनं पाटी दिली. त्यांनी ती निमूट पदराखाली घेतली.

"मला?" झुंबरबाईंनी ओटी पसरली.

"झुंबर," आप्पाराव दारातून ओरडले. ते वसरीवरून उठून आले होते. "तुला काय करायचीय पाटी? ठीव खाली."

पाटी ओटीत पडली होती. झुंबरबाईंनी पदर खोचला. "आता पडली. वाण हाय. वाण खाली ठेवल्यालं कुठं आईकलंय का तुमी?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आप्पारावांना घरातून पहिला दगा इथे मिळाला, तोही स्वतःच्या बायकोकडून.

"हसा," ते म्हणाले. "उद्या फाटकातून माघारी फिराल तवा हसा. गोजरबाई, कुणी सांगितलं हुतं गं तुला भर जिनात वाचायला?"

गोजरबाई उभी राहिली. "जमादार, वाचायला शिकल्यावर मग काय करायचं असतंय? दिसलं, वाचलं. धोकाच लिवलं हुतं, दुसरं कायबी लिवलं न्हवतं. शेठ म्हणले त्याचा माईना खतरा हाय. बरं, आसंल. आमी उठून कामाला लागलो."

कोकिळेच्या मनात एक गोष्ट परवापासून टोचत होती. दारापलीकडे वसरीवर सासरे बसले आहेत हे ओळखून ती सासूकडे वळली आणि दस्तुराप्रमाणे बोलली. "आत्याबाई, त्यास्नी इचारा. धोका म्हणजे खतरा, तर मग काट्याला कसला खतरा? तो बोर्ड पट्ट्यापाशी पायजे हुता. पट्ट्यापाशी काय लावलंय?"

बायनाबाईंना कळलं, हा धागा ओढला की तो कुठवर जाणार. चार वर्षांत सुनेचा निरोप त्यांनी पुढे दिला नाही असं पहिल्यांदा झालं.

पण खोली लहान होती आणि गोजरबाईला कान होते. "पट्ट्यापाशी व्हय? तिथंबी वाचलं की म्या," ती म्हणाली. "लांबडं हाय. व, ज, न... वजनकाटा. मला वाटलं इंजिनाचं नाव आसंल."

या वेळी कुणीच हसलं नाही. झुंबरबाईंनासुद्धा अर्थ लागला.

"उलटे लागले," आप्पाराव सावकाश म्हणाले. "च्यायला, बोर्ड उलटे लागले." आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. आप्पाराव वाईट नव्हते. त्यांना भांडण मिटवायचं होतं, आणि मिटवायची वाट त्यांना लख्ख दिसली. "त्या लिंबाजीनं ठोकले. आडाणी माणूस, त्याला काय कळतंय. हे बगा, शेठला मी उद्या सांगतो. लिंबाज्याची चूक. त्याला काढून टाकतो. शेठचं समाधान, तुमचा वर्गबी ऱ्हाईल. झालं? सूनबाईला सांगा वैनी, वर्ग खुशाल चालू द्या."

झुंबरबाईंनी मान डोलावली. एकदोघी बायका हुश्श म्हणाल्या. एका माणसात सगळं भागत होतं. कोकिळेला हवं ते मिळत होतं, पण दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन. ती काही बोलणार तेवढ्यात गोजरबाई वाकली. ओटीतली पाटी तिनं घोंगडीवर ठेवली, वर लेखणी ठेवली.

"आमच्या घरचं मानूस हाय ते," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती, पण सगळ्यांना माहीत होतं, लिंबाजी तेलवाला तिचाच नवरा. "पट्ट्याला तेल घालायला त्या खड्ड्यात रोज उतरतंय. माजं वाचणं माज्याच घरावर आलं जमादार. ही पाटी घ्या माघारी. मला न्हाई शिकायचं."

"ववसा माघारी घेत न्हाईत, गोजरबाई."

आवाज वसरीतून आला. मागोमाग व्यंकटराव ढाळजेच्या दारात उभे राहिले. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुषानं शिरायची रीत नाही, आणि मुनशींनी तर कधीच नाही. बायकांनी भराभर पदर पुढे ओढले. कोकिळा भिंतीकडे सरकली.

"लिंबाजीनं बोर्ड लावले न्हाईत," व्यंकटराव म्हणाले. "त्यानं खिळे ठोकले. जागा मी दाखवली."

आप्पाराव गडबडले. भावाला सावरायची त्यांना जन्माची सवय होती. "दादा, सांज झाली हुती, अंधार हुता. अन् तुमचा चष्मा घरी ऱ्हायला हुता, मला आठवायलंय."

"चष्मा डोळ्यावर हुता."

बायनाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"उजेड हुता, चष्मा हुता, दोनी बोर्ड म्होरं हुते," व्यंकटराव म्हणाले. कचेरीत बयान देताना लागायचा तोच त्यांचा आवाज होता, स्वच्छ आणि न घाबरलेला. "मला ही बालबोध लिपी येत न्हाई, आप्पा. एक अक्षर येत न्हाई. माजी सगळी तालीम उर्दूतली. आखूड बोर्ड काट्याचा आसंल म्हणून मी अंदाज केला, अन् अंदाज चुकला."

आप्पारावांना बापापेक्षा हा भाऊ मोठा वाटत आला होता. या माणसाला वाचता येतं, या एका गोष्टीवर घराची अब्रू, स्वतःची जमादारी, गावातला मान, सगळं उभं आहे असं ते धरून चालले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा त्यांना राग आला.

"वैनी, तुमाला ठावं हुतं?"

"चष्मा कोण लपवत हुतं मग?" बायनाबाई म्हणाल्या. सगळं बाहेर पडल्यावर त्यांना एकदम हलकं वाटायला लागलं होतं, आणि हलकं वाटलं की त्यांची जीभ सुटायची. "पिठाच्या डब्यात ठेवून ठेवून त्याच्या काचा भुरकट झाल्या."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. व्यंकटरावांच्या मिशीतही काहीतरी हललं.

"पर दादा, हे शेठला सांगायची काय गरज?" आप्पाराव म्हणाले. "तुमाला काढतेल ते. मुनशीलाच वाचता येत न्हाई म्हणल्यावर..."

"उद्या भोंग्याच्या आधी मी जातो. बोर्ड बदलून घेतो. ते वजनकाटा पट्ट्यावर एक दिवसबी ऱ्हायला न्हाई पायजे, लिंबाजी तिथं उतरतो. मग शेठ आले की सांगतो. ज्यांनी बराबर वाचलं त्या बायांना फाटकातून माघारी लावायचं, अन् ज्याला वाचता आलं न्हाई त्याला गादीवर बसवायचं, हा कुठला इन्साफ? इचारीन त्यास्नी. काढलं तर काढलं. हिसाब येतो मला. तो कुणी काढून घेत न्हाई."

"मीबी येतो," आप्पाराव पुटपुटले. मग जरा मोठ्यानं म्हणाले, "शिडी कोण धरणार? अन् त्यो बोर्ड सरकीच्या कोठीत म्याच फेकलाय, तुमाला घावायचा न्हाई."

झुंबरबाईंनी नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू वाणात पाटीबरोबर तेही आजच मिळाले असावेत. गोजरबाई अजून उभीच होती. घोंगडीवरची आपली पाटी उचलावी की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. कोकिळेनं ती उचलली, पदरानं पुसली आणि तिच्या हातात दिली. "धरा, गोजरमावशी," ती म्हणाली, आणि गोजरबाईनं धरली.

व्यंकटराव परत फिरणार, तेवढ्यात बायनाबाईंनी पदराखालची पाटी काढून त्यांच्यापुढे केली.

"बायकांचं वाण हाय ते," व्यंकटराव म्हणाले.

"वाण मला मिळालं. घरात कुणी वापरायचं ते मी बगीन. बसा."

हा हुकूम होता. चाळीस वर्षांच्या संसारात बायनाबाईंनी हुकूम फारसे दिले नव्हते, त्यामुळे तो मोडायचा कसा हे मुनशींना येत नव्हतं. ते घोंगडीच्या कडेला बसले, शेरवानी सावरून, मांडीवर पाटी घेऊन. बायका अंग चोरून बसल्या. आप्पाराव दारातच उभे राहिले. जावं की थांबावं हे त्यांना कळेना, म्हणून थांबले.

"काय लिवू?" व्यंकटरावांनी बायकोला विचारलं.

"मला काय ठावं. तो मेला धोका लिवा, ज्यानं एवढं केलं."

त्यांनी लेखणी धरली. धरण्यात चूक नव्हती, उलट साऱ्या वर्गात तशी सफाईनं लेखणी कुणीच धरत नव्हतं. फळ्यावर परवाचा 'धोका' अजून होता, कोकिळेनं बायकांना अर्थ समजावून देताना लिहिलेला. काना अन् मात्रा अशा दोन खुणा ज्याला तो धो, असा हिशेब करून, बघून बघून त्यांनी पाटीच्या उजव्या कडेला, अगदी टोकाला, एक डौलदार धो काढला. त्याला शेवटी उर्दूतला जरासा झोलही आला. मग हात सहज डावीकडे सरकला, आणि तिथे त्यांनी का काढला.

पाटीवर झालं 'काधो'.

व्यंकटरावांनी फळ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. काहीतरी चुकलं हे त्यांना दिसत होतं, काय ते दिसत नव्हतं. बायकांपैकी कुणी हसलं नाही. त्यांच्यातली एकही अशी नव्हती जिचा पहिला शब्द वेडावाकडा आला नव्हता.

कोकिळेनं मात्र एका नजरेत ओळखलं. ती पिंगळीच्या स्टेशनावर वाढलेली. तिचे वडील तिथे पॉइंट्समन होते, आणि फलाटावरच्या पाटीवर गावाचं नाव वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेलं असे. त्यातलं उर्दू नाव उजवीकडून डावीकडे चालतं, असं वडिलांनी तिला लहानपणी बोट धरून दाखवलं होतं. सासऱ्यांचा हात चुकला नव्हता. तो आयुष्यभर गेला तिकडेच गेला होता. ती सासूकडे वळली.

"आत्याबाई, त्यास्नी सांगा..."

"मला त्यातलं काय कळतंय?" बायनाबाईंनी सुपारीचा डबा ओढला. "मास्तरीण तू. तूच सांग."

कोकिळेनं डोक्यावरचा पदर नीट केला. मग तिनं पाटीच्या डाव्या कडेला बोट टेकवलं.

"मामंजी, हितून सुरू करा. अन् उजवीकडं चला."

व्यंकटरावांनी मान वर केली नाही. शेरवानीच्या बाहीनं त्यांनी पाटी पुसली, तिनं बोट ठेवलं होतं तिथे धो काढला, आणि लेखणी उचलून धरली.

"आता?"

"आता का."

त्यांनी उजवीकडे का काढला. वर रेघ ओढली, दोन्ही अक्षरांवरून एकच, आणि पाटी बायकांकडे फिरवली. "वाचा कुणीतरी. मला अजून येत न्हाई."

गोजरबाई पुढे झाली. तिनं बोट उचललं, धो वर ठेवलं, का वर ठेवलं, आणि खणखणीत आवाजात वाचलं, "खतरा."

"बराबर," व्यंकटराव म्हणाले.